नॉस्टिक म्हणजे ख्रिस्ती वेदान्ती नव्हेत

महोदय,

रविवार पुरवणीतील लेखात नॉस्टिकांना (ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या शतकांतले, गूढ ज्ञानातून मुक्ती मानणारे पंथ) ‘ख्रिस्ती धर्मातले वेदान्ती’ ठरवून लेखक मोकळे झाले. हे साम्य वरवरचे आहे. वेदान्तात जग मिथ्या असेल, पण ते कोणा अडाणी देवाने बिघडवून ठेवलेले नाही. नॉस्टिकांची तक्रार नेमकी हीच, की ते तसे बिघडवलेले आहे.

१९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादीजवळ मातीच्या रांजणात कॉप्टिक या जुन्या इजिप्ती भाषेतली, मुख्यतः नॉस्टिक हस्तलिखिते सापडली. त्यांतल्या ‘योहानाच्या गुप्त ग्रंथा’त जग घडवतो तो यल्दाबाओथ. सिंहमुखी, सर्पदेही, आई सोफिया या दैवी शक्तीच्या चुकीतून जन्मलेला. तो बढाई मारतो, की मी ईर्ष्यावान देव, माझ्याखेरीज दुसरा देव नाही. त्यावर ग्रंथकर्ता विचारतो, दुसरा कोणी नसेलच, तर ईर्ष्या कोणाची? (टोला दाद देण्याजोगा आहे!) खरा परमपिता या सगळ्याच्या पलीकडे, जगाच्या घडणीला त्याचा हात लागलेला नाही.

चर्चला हे मानवणे शक्यच नव्हते. इ.स. १८०च्या सुमारास आजच्या फ्रान्समधील ल्यों येथील बिशप इरेनियस यांनी याविरुद्ध पाच खंड लिहिले. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातला निर्माता आणि येशूचा पिता एकच, आणि त्याने केलेली सृष्टी चांगली, हा त्यांचा मुद्दा. म्हणूनच येशूचा मानवी देह आणि देहासह पुनरुत्थान यांना चर्चमध्ये एवढे महत्त्व.

जगात इतके दुःख का, यावर मात्र नॉस्टिकांचे उत्तर सोपे पडते: घडवणाराच अडाणी. चर्च माणसाच्या पापाकडे बोट दाखवते. भूकंपात दगावलेल्या तान्ह्या मुलाबाबत ते मला पटत नाही.

– एक वाचक, वसई