परभणीच्या दादांना जाहीर आभाराचं पत्र

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानले असते तर तुम्ही "ते जाऊ दे, सोयाबीनचा भाव काय निघाला ते सांग" म्हणून विषय बदलला असता. म्हणून हे जाहीरच लिहितो.

ऐन दसऱ्यात लातूरच्या मोंढ्यात गाड्यांची रांग, आणि आमच्या सॉफ्टवेअरमधून शेतकऱ्यांना पट्टीचा मेसेज जाईना. सर्व्हरवरून मेसेजवाल्या कंपनीच्या नावाचा नेटवरचा पत्ता (आयपी) सापडायचा, पण कंटेनरमधून, म्हणजे त्याच सर्व्हरवरच्या ज्या बंदिस्त डब्यात आमचं सॉफ्टवेअर चालतं तिथून, नाही. बाकीची नावं मात्र कंटेनरमधूनही सापडायची, डोकं फिरायची वेळ आली ती त्यामुळं. जो तो सांगे, डॉकरच्या (कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये ८.८.८.८, म्हणजे गुगलचा नावं शोधून देणारा सर्व्हर, टाक. तुम्ही तेवढ्यात अडवलंत: "अरे, दुकानातल्या वजनकाट्याचं नाव गुगलला कोण सांगणार?"

मग तुमचा ठरलेला प्रश्न, "कुठनं बघलालास, आतनं का बाहेरनं?" आतून आयपी टाकून जोडणी लागते का, हे आधी. लागली. म्हणजे नेटवर्क ठीक, घोळ नावाचाच. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ, म्हणजे नाव कुणाला विचारायचं ते लिहिलेली फाइल, उघडायला लावलंत, त्यात १२७.०.०.११, म्हणजे डॉकरचा स्वतःचा डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा), तोही जागेवर. त्याच नेटवर्कवर डेबियन या दुसऱ्या लिनक्सचा कंटेनर चढवला, तर नाव लगेच सापडलं. आमचा अल्पाइन ३.१६ या छोट्या लिनक्सचा कंटेनर मात्र गप्प.

शेवटी ईडीएनएस (मोठी उत्तरं घ्यायची सोय) बंद ठेवून डिग ही नाव विचारायची कमांड चालवायला सांगितलंत, आणि 'ट्रंकेटेड', म्हणजे उत्तर कापलं गेलं, ही ओळ दिसली. उत्तर नेहमीच्या ५१२ बाइटांच्या मर्यादेत मावत नव्हतं. अशा वेळी तेच टीसीपीवरून, म्हणजे मोठं उत्तरही पूर्ण आणणाऱ्या जोडणीवरून, पुन्हा विचारायचं असतं. अल्पाइनमध्ये नावं शोधणारी मसल लायब्ररी १.२.४ च्या आधी ते करतच नव्हती. अर्धवट उत्तर घ्यायची, ज्यात पत्ताच नसायचा! लहान उत्तरांची नावं का चालत होती, तेही तिथंच उलगडलं. २०२३ मध्ये आलेल्या अल्पाइन ३.१८ मध्ये ही दुरुस्ती आहे, म्हणून बेस इमेज, म्हणजे कंटेनर ज्या साच्यावरून बनतो तो, बदलायला लावलीत. एक ओळ बदलली, बिल्ड केलं, मेसेज सुटले.

खरं तर "इमेज बदल" एवढं सांगून तुम्ही फोन ठेवू शकला असता. आपल्या घरी पाहुणे बसलेले असताना तुम्ही एकेक कमांड माझ्याकडूनच चालवून घेतलीत, आणि पुढचं काय दिसेल ते आधी मलाच विचारलंत. वहिनींनी दोनदा हाक मारलेली मला ऐकू येत होती, त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

दोन जुन्या दुकानांत अजून ३.१६ च आहे. दिवाळीच्या सुट्टीत मोंढा बंद असताना ते बदलून टाकतो.

आपला,
लातूरचा धाकटा भाऊ