कारखान्यातल्या फोनवरून 112 लागत नाही: मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय, गोवा राज्य,

सप्रेम नमस्कार.

या तक्रारीवर 'चौकशी करून आठ दिवसांत कळवतो' असं मला सांगितलं होतं. त्याला चार महिने झाले.

माझे बाबा वेर्ण्याच्या एका कारखान्यात रात्रपाळीला होते. पहाटे तीनला मशीनपाशी कोसळले. आत मोबाईल नेता येत नाही, गेटवर जमा करावा लागतो. सोबतच्या पोराने टेबलावरच्या फोनवरून 112 लावला. 'हा क्रमांक अस्तित्वात नाही.' परत लावला, परत तेच. मग कुणाला तरी आठवलं, बाहेर फोन करायचा तर आधी 0 दाबतात. फोन लागला तो परराज्यात! कंपनीचे फोन इंटरनेटवरून मुख्य कचेरीत जातात आणि तिथल्या लाईनवरून बाहेर पडतात. पलीकडच्या बाई जिल्हा विचारत राहिल्या, त्यांना वेर्णा सापडेना. शेवटी तो पोर गेटवर धावला. वीस मिनिटं गेली, साहेब. आज बाबांचा उजवा हात उचलत नाही. पेजेचा घास मी भरवते. बोलायला जातात आणि शब्द सापडला नाही की रडतात.

फोन बसवणाऱ्या दोघातिघांना मी विचारलं. 112 आणि 108 हे नंबर 0 लावून किंवा न लावता थेट गोव्यातल्या लाईनवरून बाहेर पाठवायचे, एवढी एक नोंद यंत्रणेत करायची. सोबत कारखान्याचा पत्ता, आणि त्याच क्षणी गेटवर घंटा. लाईट गेली तरी चालेल अशी बॅटरी हवी, कारण जुन्या तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून यायची, याला येत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे लाईटचं काय होतं ते तुम्ही जाणता.

अमेरिकेत 2013 साली टेक्सासच्या एका हॉटेलात आईवर हल्ला होत असताना नऊ वर्षांच्या मुलीने चार वेळा 911, म्हणजे तिथला 112, लावला. आधी 9 दाबायचं तिला माहीत नव्हतं. आई गेली. 2018 साली तिथे कायदा झाला, की आधी काही न दाबता 911 थेट लागला पाहिजे. आपल्याकडे कोण मरायची वाट बघता?

दूरसंचार केंद्राचा विषय, हे मला सांगू नका. कारखान्यांची तपासणी राज्याकडेच आहे. आग विझवायचे सिलिंडर मोजता, मग फोन उचलून का बघत नाही? परवाना, उद्घाटन, फीत सगळं वेळेवर होतं. कामगार पडला की मात्र प्रत्येक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं.

अधिवेशनाआधी एका रात्री वेर्ण्याला या. कुठल्याही कारखान्यात टेबलावरच्या फोनवरून 112 लावा. मी सोबत येते.

एका कामगाराची मुलगी,
मडगाव