फोनच्या तारेवरचा मोडेम भंगारात नको

संपादक महोदय,

पदविकेच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पांत ‘फोन करून शेतातला पंप चालू-बंद करणे’ हा विषय दरवर्षी हमखास असतो. दूरध्वनी खात्यात हयातभर लाइनच्या जोड्या दुरुस्त केल्यावर आता मी एका तंत्रनिकेतनात असे प्रकल्प पाहायला जातो. मुले सिमकार्डाचे तयार मोड्यूल आणि उतरवून घेतलेला प्रोग्राम घेऊन येतात. पंप चालतो, गुणही मिळतात. पण पाठवलेल्या आज्ञेला मोड्यूलकडून ‘ओके’ असे उत्तर आले नाही की सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. यंदा एका गटाचा दीड तास असाच गेला. आज्ञेच्या शेवटी ‘कॅरेज रिटर्न’ (ओळीच्या सुरुवातीला परतण्याचे चिन्ह) पाठवायचे असते, त्याऐवजी ते फक्त नव्या ओळीचे चिन्ह पाठवत होते, एवढीच चूक होती.

‘एटी’ने सुरू होणाऱ्या या आज्ञा मोबाइलबरोबर आलेल्या नाहीत. १९८१ साली हेज कंपनीने टेलिफोनच्या तारेवर चालणाऱ्या आपल्या स्मार्टमोडेमसाठी त्या रूढ केल्या; मोडेम म्हणजे संगणकाचा डेटा आवाजाच्या रूपात तारेवरून पाठवणारे यंत्र. डेटा चालू असताना पुन्हा आज्ञेकडे वळायचे तर तीन अधिक चिन्हे पाठवावी लागतात आणि त्यांच्या आगेमागे सेकंदभर काहीही पाठवायचे नसते. नाहीतर मजकुरातच तीन अधिक चिन्हे आली तरी मोडेम फसेल. हे मुलांना जुन्या मोडेमवर चटकन कळते, कारण त्याचा स्पीकर बोलतो: डायल टोन, नंबर फिरल्याचे सूर, पलीकडच्या मोडेमची शीळ, सारे कानांनी ऐकू येते.

८०५१ हा मायक्रोकंट्रोलर (एका चिपमधला छोटा संगणक) अशा मोडेमला जोडताना त्याला ठोके देणारा क्रिस्टल ११.०५९२ मेगाहर्ट्झचाच का घ्यायचा, हे मी मुलांना कागदावर भागाकार करून दाखवतो. त्याच्या १,१०,५९,२०० हर्ट्झना १२ ने आणि मग ३२ ने भागले की २८,८०० येतात आणि त्यांना ३ ने भागले की नेमके ९,६००, म्हणजे मोडेमशी बोलण्याचा सेकंदाला इतक्या बिटांचा ठरावीक वेग. १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला तर जवळजवळ १०,४१७ येतात, म्हणजे साडेआठ टक्क्यांची चूक, आणि पडद्यावर कचरा उमटतो. मधे मॅक्स२३२ ही व्होल्टेज जुळवून देणारी चिपही लागते, कारण मोडेमच्या सिरियल पोर्टवर ‘१’ म्हणजे ऋण व्होल्टेज असते, तर कंट्रोलरला फक्त शून्य आणि पाच व्होल्टच कळतात.

मोडेमला फाटा देऊन टेलिफोन लाइनची दोन तारांची जोडी थेट ब्रेडबोर्डवर (सर्किट जुळवून पाहण्याच्या पाटीवर) आणणारा एक मुलगा मी पाहिला आहे. रिसिव्हर खाली असताना जोडीवर ४८ व्होल्ट असतात हे त्याला ठाऊक होते आणि त्याने रेझिस्टर लावून ते उतरवलेही होते. पण रिंग आली की त्यावर २५ हर्ट्झचे ७५ व्होल्ट एसी चढतात, म्हणजे शिखर दीडशेच्या घरात जाते. मित्राने मिस्ड कॉल दिला आणि कंट्रोलरच्या पोर्टची पिन जळून गेली. मोडेममधला ट्रान्सफॉर्मर लाइन आणि सर्किट ही दोन जगे एकमेकांपासून तोडून ठेवतो आणि आवाज तेवढा पलीकडे जाऊ देतो, हे त्या दिवशी वर्गातल्या सगळ्यांना समजले.

तांब्याची लाइन जाऊन फायबर येत आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रयोगाला बाहेरची लाइन लागतही नाही. कार्यालयातला आठ एक्स्टेन्शनचा जुना ईपीएबीएक्स (आतले फोन आपसांत जोडणारे छोटे एक्स्चेंज) आणि दोन मोडेम पुरतात. आमच्या संस्थेतले असे दोन्ही मोडेम चालू स्थितीत असूनही सध्या निर्लेखनाच्या, म्हणजे भंगारात काढायच्या, यादीत आहेत. ती यादी मंजूर करणाऱ्यांनी त्यापूर्वी एकदा प्रयोगशाळेत येऊन त्यांच्यावरून एक कॉल लावून पाहावा, एवढी विनंती आहे.

— एक निवृत्त दूरध्वनी तंत्रज्ञ, सातारा