अण्णांचा पाय हातात घेतलात, त्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

अण्णांचे हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण, काल प्रथमच ४५ टक्क्यांच्या खाली आले. अहवाल हाती पडताच आधी तुम्हालाच लिहावेसे वाटले.

दीड वर्षापूर्वी त्यांचे हिमोग्लोबिन १९.४ निघाले, तेव्हा ज्यांच्यावर आम्ही वर्षानुवर्षे विसंबून होतो त्या डॉक्टरांनी "लोकांना रक्त पुरत नाही, तुमचे तर भरपूर आहे" असे म्हणत कागद परत दिला. आमच्या औसा तालुक्यात रक्त कमी असल्याचीच काळजी ऐकू येते. जास्त रक्त हाही आजार असतो, हे आम्हाला कुठून कळावे? पण ज्यांना कळायला हवे होते त्यांनी अंगाच्या खाजेवर मलमे आणि डोकेदुखीवर गोळ्या देऊन वेळ घालवला, याचा राग अजून जात नाही.

लातूरला तुम्ही फाईल बाजूला ठेवलीत, खुर्ची पुढे ओढलीत आणि अण्णांचा भेगाळलेला पाय हातात घेऊन विचारलेत, "काका, तळव्यांची आग होते का? गरम पाण्याने अंघोळ केल्यावर अंग खाजते का?" ते रानातून थेट आले होते, पायाला माती होती, म्हणून संकोचून पाय मागे घेऊ लागले, तुम्ही तो सोडला नाहीत. दीड वर्षात त्यांना असे हात लावून कोणी पाहिले नव्हते.

धूम्रपान, फुफ्फुसाचे विकार, झोपेत श्वास अडकणे, अंगातले पाणी कमी होणे, यांनीही तांबड्या पेशी वाढलेल्या दिसतात, म्हणून तुम्ही एकेक कारण पडताळलेत आणि मग जॅक-२ जनुकाची तपासणी करून पॉलिसायथेमिया व्हेराचे निदान केलेत. अस्थिमज्जा गरज नसताना पेशी बनवत राहते, रक्त दाटते आणि गुठळी होऊ शकते, हे सांगताना तुम्ही अण्णांनाच विचारलेत, "ठिबकच्या नळीत दाट द्रावण सोडले तर?" "नळी चोक होते की," ते म्हणाले. उपचार म्हणून रक्त काढून टाकायला आईचा ठाम विरोध होता; त्याच शब्दांत तिला अण्णांनी समजावले.

आता दर वेळी ते तुमच्या दारातल्या नळावर पाय स्वच्छ धुऊन, पंच्याने पुसूनच आत येतात, तुम्ही पुन्हा पाहाल म्हणून.

आपला कृतज्ञ,
अण्णांचा मुलगा