सहीआधी एवढं वाचा

दा नांग, व्हिएतनाम
१४ जून

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

दादाने पाठवलेले फोटो पाहिले. बोय, शेंगटी, काळुंदरी, सगळीच मरून वर आलेली. पहिला पाऊस पडला की दाभोळ खाडीत हे ठरलेलंच, आणि गढूळ पाण्याने मासे मेले हे उत्तरही ठरलेलंच. रविवारच्या बैठकीत गावाने कारखान्यांकडून एकरकमी पैसे घ्यावेत आणि त्यांच्या सांडपाण्याविरुद्धची तक्रार मागे घ्यावी, असं चाललंय म्हणे. बाबा, तुम्ही सही करू नका.

इथे २०१६ च्या एप्रिलमध्ये जे झालं ते लोक अजून बोलून दाखवतात. उत्तरेकडे 'हा तिन्ह' प्रांतात फॉर्मोसा या तैवानी कंपनीचा पोलाद कारखाना नुकता उभा राहत होता. चाचणी चालू असतानाच त्याचं विषारी सांडपाणी समुद्रात गेलं. फिनॉल होतं, सायनाइड होतं. प्रवाहाबरोबर ते दक्षिणेकडे उतरलं आणि चार प्रांतांच्या दोनशे किलोमीटरहून जास्त किनाऱ्याला मेलेली मासळी लागली. सुरुवातीला कारण सांगितलं गेलं शेवाळाचं. कंपनीचा एक अधिकारी तर उघड म्हणाला, मासे-कोळंबी हवी की पोलाद, एक काय ते निवडा. त्यावर लोक 'मी मासे निवडतो' असे फलक घेऊन रस्त्यावर उतरले. जूनच्या अखेरीस कंपनीने जबाबदारी घेतली आणि पन्नास कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं.

आकडा मोठा वाटतो ना? पण मच्छीमारांना भरपाई मिळाली ती जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या नुकसानीची. माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी बाई क्वांग बिन्हची आहे. पैसे संपले तरी तिच्या वडिलांची मासळी बाजारात कुणी हातात धरेना. शेवटी त्यांनी होडी विकली. आपल्याकडे तर खुला समुद्र नाही, खाडी आहे. तळाच्या चिखलात बसलेलं विष ओहोटीबरोबर निघून जात नाही, आणि मुळे, कालवं असले शिंपले तिथेच वाढतात.

कारखाने बंद करा असं मी म्हणत नाही. वाडीतली निम्मी पोरं तिथेच कामाला आहेत, आणि त्यांच्याच पगारावर घरं चालली आहेत. पण मासे की नोकरी, असा प्रश्न बैठकीत कुणी टाकला तर उत्तरच देऊ नका. सांडपाणी नीट शुद्ध करून सोडलं तर हा प्रश्न उरतच नाही. त्याला खर्च येतो, तो त्यांनी करायचा.

पैशांऐवजी काय मागायचं ते सांगते. पाणी कायदा १९७४ चा आहे. कोणत्या कारखान्याला कोणत्या अटींवर सांडपाणी सोडायची संमती दिली, त्याची नोंदवही त्यात हितसंबंध असलेल्या माणसाला पाहता येते. आपला संबंध नाही असं कोण म्हणेल? ती बघायला दादाने दोघा-तिघांना घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळात जावं.

आणि पुढच्या वेळी मासे वर आले की त्याच भरतीत हालचाल व्हायला हवी. सहा तासांत पाणी पालटतं, दुसऱ्या दिवशी मंडळाचे साहेब आले तरी त्यांच्या बाटलीत काय सापडणार? आधी फोन करून त्यांना बोलवा, कारण कायद्यात वजन त्यांनी रीतसर घेतलेल्या नमुन्यालाच असतं. तोवर दादाने स्वतः पाणी भरून ठेवावं. काचेची स्वच्छ बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची, बूच पाण्याखालीच लावायचं, आत एकही बुडबुडा नको. एक बाटली जिथे मासे मेले तिथली, एक सांडपाणी येतं त्या नाल्याच्या तोंडाची, एक नाल्याच्या वरच्या अंगाची. वेळ, जागा आणि भरती की ओहोटी ते चिठ्ठीवर लिहून लगेच बर्फात. मासाही धडपडणारा घ्यावा, कुजलेल्यावरून काही कळत नाही. पहाटे मासे वर येऊन तोंड वासत होते का, हेही लिहावं; तसं असेल तर पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो. विष असेल तर दिवसाढवळ्यासुद्धा एकदम तडफडतात.

बाटल्यांचे आणि खासगी प्रयोगशाळेचे पैसे मी पाठवते. तपासणीत काय काय करून मागायचं त्याची यादी दादाच्या फोनवर टाकली आहे.

रविवारी बैठकीआधी, तुमच्या सकाळी नऊला फोन करते, इथे तेव्हा साडेदहा वाजलेले असतील. भोईवाडीतल्या काकांनाही घरी बोलावून ठेवा, त्यांच्याशी मला बोलायचं आहे. आईला आणि आजीला नमस्कार.

तुमची,
बाय