सूचना : सभागृहाच्या कॅलेंडरचे अधिकार

सभासदहो, नमस्कार. प्रतापनगरच्या आपल्या सभागृहाच्या गूगल कॅलेंडरमध्ये सध्या 11 जणांना नोंदी बदलण्याचा आणि इतरांना अधिकार देण्याचा पूर्ण हक्क आहे. परवा कुणाकडून तरी शनिवारच्या डोहाळजेवणाची नोंद उडाली. काकू मंडपवाल्याला घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं. पुसलेली नोंद ट्रॅशमध्ये 30 दिवस राहते, म्हणून परत मिळाली.

रविवारपासून पूर्ण अधिकार सचिव आणि कोषाध्यक्ष या दोघांकडेच राहतील (एकाकडेच ठेवले तर तो गावाला गेला की सगळं अडतं). बुकिंगचं काम सांभाळणारे तिघे नोंदी बदलू शकतील. बाकी सर्वांना त्या फक्त दिसतील. अधिकार काढले म्हणून कृपया राग मानू नका, तुमच्यावर विश्वास आहेच. जुना ईमेल बदलला असेल तर शनिवारपर्यंत कळवा.

– सचिव