बाबा, एनएसएसचे प्रमाणपत्र पाठवा

ओहायो,
८ फेब्रुवारी

आदरणीय आई आणि बाबा,

सविनय जयभीम. आजीलाही माझा जयभीम सांगा.

माझी प्रकृती उत्तम आहे, जेवण वेळेवर होते आणि थंडीचे कपडे पुरेसे आहेत. माझा आवाज बसल्यासारखा वाटला तो हीटरच्या कोरड्या हवेमुळे. त्यासाठी आईने जागरण करण्यासारखे काही नाही. फोनवर बाबांच्या प्रश्नांची उत्तरे पुरी झाली नाहीत, म्हणून शिष्यवृत्तीचे सगळे नीट लिहून कळवते आहे.

येथील केंद्र सरकारची आर्थिक मदत आमच्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही, त्यामुळे विद्यापीठ स्वतःच्या निधीतून जे देते त्यावरच आमची भिस्त असते. ही शिष्यवृत्ती केवळ गुणांवर नाही, तर समाजसेवेवर आहे. वर्षभरात किमान १०० तास विनामोबदला काम, त्याचा सहीनिशी तक्ता, ५०० शब्दांचा निबंध आणि नात्यात नसलेल्या दोन व्यक्तींची शिफारसपत्रे, एवढे १ मार्चपर्यंत द्यायचे आहे. मिळाली तर पुढच्या वर्षीच्या फीमधून ३,००० डॉलर वजा होतील. पैसे हातात येत नाहीत, परस्पर फीमध्ये वळते होतात.

व्हिसाबद्दल मनात काही आणू नका. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत पगारी काम करता येते आणि ते मी ग्रंथालयात करतेच. सेवेचे काम त्या तासांत धरत नाहीत, कारण धर्मादाय संस्थेत सगळेच स्वयंसेवक जे बिनपगारी करतात तेच मी करते. तरीही परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाकडून मी ईमेलवर तसे लेखी घेतले आहे. कागद हातात आल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, हे तुमच्याकडूनच शिकले.

आजी म्हणाली, ‘हेच कराले गेली का तू एवढ्या दूर?’ तिला सांगा की हे झाडू मारण्याचे काम नाही, आणि असते तरी बिघडले नसते. शनिवारी मी एका धान्यवाटप केंद्रात जाते. दुकानांनी आणि लोकांनी दिलेले डबाबंद पदार्थ तिथे खोक्यांतून येतात. प्रत्येक डबा हातात घेऊन फिरवून पाहायचा. पोटाला हलका पोचा असेल तर चालतो, पण काठावर किंवा सांध्यावर पोचा असेल, किंवा झाकण फुगले असेल, तर तो सरळ फेकायचा. घ्यायला येणाऱ्यांत नोकरी करणारी माणसे असतात, आमच्याच विद्यापीठातले विद्यार्थीही असतात. मी तिथून काही घेत नाही. हे आईसाठी लिहिले.

आता तुम्हाला खरोखर न पटलेली गोष्ट, म्हणजे तासांची नोंद. दाराशी एक तक्ता टांगलेला असतो. आल्याची वेळ, गेल्याची वेळ, कामाचा प्रकार, आणि शेवटच्या रकान्यात देखरेख करणाऱ्या बाईंची आद्याक्षरे. पंधरा मिनिटेसुद्धा पाव तास म्हणून मांडतात; बसने येण्याजाण्याचा वेळ आणि जेवणाची सुट्टी वजा होते. हे फक्त शिष्यवृत्तीसाठी असते असे समजू नका. मेरीलँड राज्यात सरकारी हायस्कूलच्या पदवीसाठीच ७५ तासांची सेवा लागते. किरकोळ गुन्ह्यासाठी न्यायालयही तुरुंगाऐवजी असेच तास नेमून देते. माझ्या शेजारी डबे तपासणारे एक गृहस्थ गाडी बेदरकारपणे चालवल्याबद्दल तास भरत आहेत, आणि त्यांच्या व माझ्या तक्त्यावर त्याच बाई त्याच पेनने सही करतात. (गृहस्थ अतिशय सभ्य आहेत. आईने यावरून काही कल्पना करू नयेत.)

बाबा, तुम्ही दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर उभे राहून बाहेरगावाहून आलेल्या लोकांना जेवण वाढता, आणि त्याची पावती तुम्ही कधी कुणाकडे मागितली नाही. म्हणूनच ‘केलेल्या सेवेचे पैसे मागणार का?’ हा तुमचा प्रश्न मला लागला. पण बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात आले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार करून, हे मला तुम्हीच सांगितले आहे. तिथे शिष्यवृत्ती आधी आणि सेवा नंतर होती, इथे क्रम उलटा आहे. यात कमीपणा आहे असे मला वाटत नाही. कमीपणा वाटतो तो निबंध लिहिताना. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या घरांत चिखल शिरला होता, तो उपसायला आम्ही कॉलेजमधून गेलो होतो, आणि एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, शिबिराच्या सात दिवसांत काटोलकडे पोत्यांत वाळू भरून वनराई बंधारा घातला होता. ते मी लिहिले. निबंध तपासणाऱ्या बाईंनी जिथे जिथे ‘आम्ही’ होते तिथे रेघ मारून विचारले, ‘तुम्ही स्वतः काय केले?’ पोती तर हातोहात पुढे जात होती. माझी कोणती, हे कसे सांगणार?

अर्जात एक अट अशीही आहे की घरच्या माणसांसाठी केलेले काम तासांत धरले जाणार नाही. ती वाचली तेव्हा आजीचे गुडघे आणि तिला धरून अंगणापर्यंत नेणारी आई आठवली. मी तिकडे असते तर त्यातला निम्मा भार माझ्यावर असता. असो, मालिशवाल्या बाईंना बोलवायचे पैसे मी ग्रंथालयाच्या पगारातून पाठवीन, त्याला नाही म्हणू नका.

पैशांचे आता स्पष्टच लिहिते. शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीच्या यादीत माझे नाव आले नाही, तेव्हा तुम्ही कर्जाच्या कागदांवर सही केलीत, आणि व्याज तेव्हापासून चढतेच आहे, हे मी विसरलेले नाही. शिष्यवृत्तीचा निकाल एप्रिलमध्ये लागेल. तो लागेपर्यंत दादाच्या लग्नासाठी माझे विमानाचे तिकीट काढू नका आणि त्यासाठी पीएफला तर हातच लावू नका. निकाल चांगला लागला तर मी माझे तिकीट स्वतः काढीन. नाही लागला तर मेमध्ये मला येता येणार नाही, आणि ते वहिनीला मी स्वतः फोन करून सांगीन, तुम्ही मध्ये अवघडू नका. दादाच्या सूटचे पैसे मात्र माझ्याकडूनच घ्यायचे.

मामींनी सुचवलेल्या भंडाऱ्याच्या स्थळाबद्दल आईने विचारले. मुलगा चांगला असेल, पण पदवी हातात येईपर्यंत मी कुणाला शब्द देणार नाही, आणि माझ्या नावाने तुम्हीही देऊ नका. मामी रागावल्या तर माझ्यावर ढकला.

एनएसएसमध्ये दोन वर्षांत २४० तास पुरे केल्याचे माझे प्रमाणपत्र लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यातल्या निळ्या फाइलमध्ये आहे. दादाला त्याचा फोटो काढून पाठवायला सांगा. विद्यापीठाचा शिक्का आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांची सही दोन्ही स्वच्छ दिसली पाहिजेत. मूळ कागद कुरिअर करू नका, उगाच खर्च होईल. सरांकडे शिफारसपत्रासाठी मी ईमेल केला आहे, पण ते ईमेल क्वचितच उघडतात, तेव्हा बाबांनी जमल्यास याच आठवड्यात कॉलेजात जाऊन त्यांना आठवण द्यावी.

तुमची,
बेबी